उघड्या चेंबरमध्ये पडून खुबा मोडला, महापालिका भरपाई देईल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते ध्यानात राहील. ठाणे जिल्ह्यातल्या एका शहरात १८ जुलैच्या संध्याकाळी तुमच्या आई, वय ५८, बाजारातून येताना पाण्याखाली गेलेल्या उघड्या चेंबरमध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. बिल २ लाख ७० हजार, त्यातले १ लाख ८० हजार मेडिक्लेममधून आले. आई घरून पोळी-भाजीचे डबे द्यायच्या, ते तेव्हापासून बंद. वॉर्ड ऑफिसात उत्तर मिळालं की चेंबर आमचं नाही, झाकण भंगारवाल्यांनी नेलं असेल, आणि तसंही पैसे विम्याने दिलेच आहेत. एक नातेवाईक म्हणतात ग्राहक आयोगात जा. दुसरे म्हणतात हायकोर्टाच्या निकालाप्रमाणे सरळ सहा लाख मिळतात. आता नोव्हेंबर अर्धा झालाय आणि तुम्ही विचारताय, नक्की करायचं काय?

मी जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूची वकिली करतो. पालिकांवरचे भरपाईचे दावे माझ्याकडे वर्षाला दोन-तीन येतात, आणि त्यातले निदान निम्मे पक्षकार मुदत उलटल्यावर दार वाजवतात. म्हणून निकालाच्या गोष्टीआधी कॅलेंडर.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधलं कलम ४८७ बघा. महापालिकेवर दावा लावण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. मुंबईच्या १८८८ च्या अधिनियमात कलम ५२७ आहे, तेही तसंच. म्हणजे तुमची मुदत १८ जानेवारीला संपते. नोटीस या आठवड्यात गेली तर डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात महिना भरेल आणि दावा तयार करायला तीनेक आठवडे उरतील. आम्ही वकील नंतर दोन युक्तिवाद करतो. एक, नोटिशीचा महिना मुदतीतून वजा धरावा. दोन, झाकण न बसवणं ही काही 'अधिनियमानुसार केलेली कृती' नव्हे, म्हणून हे कलम लागूच होत नाही. हे युक्तिवाद कधी चालतात, कधी नाही. त्यांच्या भरवशावर बसू नका. काही वर्षांपूर्वी आठव्या महिन्यात एक गृहस्थ आले होते. फोटो, साक्षीदार, बिलं, सगळं फाइलमध्ये नीट लावलेलं. सहा महिने ते वॉर्ड ऑफिसच्या 'साहेब दौऱ्यावर आहेत'वर विसंबून होते. त्यांचा दावा मुदतीच्या मुद्द्यावरच अडकला, चेंबरची गोष्ट कोर्टाने ऐकलीच नाही.

आता त्या सहा लाखांच्या निकालाकडे येऊ. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी खड्डे आणि उघड्या मॅनहोलबाबत निकाल दिला. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांचं खंडपीठ होतं. प्रकरण मुळात २०१३ चं आहे. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुंबईच्या रस्त्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं, त्यावरून कोर्टाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. २०१८ मध्ये कोर्टाने स्पष्ट म्हटलं की चांगला रस्ता मिळणं हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तरी खड्डे बुजले नाहीत, तेव्हा २०२५ मध्ये आकडे ठरवून दिले: मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमी झाल्यास इजेच्या स्वरूपाप्रमाणे ५० हजार ते २ लाख ५० हजार. महापालिकेच्या हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीने ते ठरवायचं, सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर ९ टक्के व्याज. दिलेली रक्कम दोषी कंत्राटदार-अधिकाऱ्यांकडून वसूल करायचीही मुभा आहे.

तेव्हा सहा लाख तुमच्या प्रकरणात नाहीत, आणि नाहीत हेच बरं, कारण तो आकडा मृत्यूचा आहे. तुमची कमाल मर्यादा अडीच लाख. खुब्याचं ऑपरेशन ही किरकोळ इजा नव्हे, त्यामुळे वरच्या टोकाकडची रक्कम मागा. पण अडीच लाख म्हणजे तुमच्या दवाखान्याच्या बिलाएवढेही नाहीत. कोर्टाने हे ओळखूनच म्हटलंय की ही रक्कम इतर कायदेशीर उपायांच्या जोडीला आहे, त्यांच्या बदल्यात नाही. म्हणून समितीकडे अर्ज जरूर करा, पैसे मिळाले तर घ्या, फक्त पावतीवर 'पूर्ण व अंतिम' असे शब्द असतील तर सही करू नका. त्याखाली हाताने लिहा: 'इतर हक्क राखून स्वीकारले'. कारकून कुरकुर करेल. करू द्या. आणि समितीकडे अर्ज दिला म्हणून कलम ४८७ चं घड्याळ थांबत नाही, दोन्ही गोष्टी बरोबरीने चालवायच्या.

समितीच्या रकमेसाठी तुलनेने थोडं सिद्ध करावं लागतं: इथे चेंबर उघडं होतं, त्यात या पडल्या. दाव्यात मात्र निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, आणि इथे बहुतेकांची गल्लत होते. पालिका नालायक आहे हे सिद्ध करायचं नसतं. हे चेंबर सांभाळणं तिचं काम होतं, कुणी तरी पडेल हे तिला समजायला हवं होतं, वाजवी काळजी घेतली असती तर हे टळलं असतं, आणि काळजी न घेतल्यामुळेच हाड मोडलं, एवढी साखळी जोडायची असते. एक कडी तुटली की दावा गेला.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन जुने निकाल शेजारी शेजारी ठेवले की हे नीट कळतं. दिल्लीत चांदनी चौकातला घंटाघर मनोरा १९५१ मध्ये कोसळून माणसं दगावली. मनोरा महापालिकेचा, ८० वर्षांचा, आणि तसल्या बांधकामाचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं. १९६६ मध्ये कोर्ट म्हणालं, मनोरा काही आपोआप पडत नसतो, इथे घटनाच बोलते आहे, आता काळजी घेतली होती हे पालिकेनेच दाखवावं. दुसरा निकाल राजकोटचा, १९९७ मधला. ऑफिसला चाललेल्या माणसावर रस्त्याकडेचं झाड पडलं, तो गेला. खालच्या दोन्ही कोर्टांनी विधवेला भरपाई दिली होती, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. झाड कधी पडेल हे आधी कळण्यासारखं नव्हतं, म्हणून पालिकेवर तेवढी जबाबदारी टाकता येत नाही, असा त्याचा रोख. मला हा निकाल आजही पटत नाही, पण तो आहे, आणि पालिकेचा वकील तो हातात धरूनच उभा राहणार.

तुमचं चेंबर मनोऱ्याच्या जवळचं आहे की झाडाच्या? माझ्या मते मनोऱ्याच्या. चेंबर निसर्गाने उगवलेलं नाही. ते बांधलं कुणी, झाकलं कुणी, उघडतं कोण, हे सगळं एकाच यंत्रणेच्या हातात असतं. शिवाय पावसात उघडं मॅनहोल जीव घेतं ही बाब आता कुणाला नवी नाही. ऑगस्ट २०१७ च्या पुरात मुंबईत एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ असेच गेले, देशभर बातमी झाली, त्यानंतर मुंबईत झाकणाखाली जाळ्या बसवायला घेतल्या. धोका माहीत आहे, उपाय माहीत आहे आणि उपाय स्वस्त आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की 'आम्हाला कल्पना नव्हती' हे म्हणणं टिकत नाही.

मात्र झाकण आदल्या रात्रीच चोरीला गेलं असेल तर तुमचं प्रकरण झाडाकडे सरकतं. एका रात्रीत दुरुस्ती करणं कुठल्याच पालिकेला जमत नाही, कोर्टही तशी अपेक्षा धरत नाही. तेव्हा सगळा दावा एका प्रश्नावर येऊन थांबतो: चेंबर किती दिवस उघडं होतं?

माझ्या एका प्रकरणात हाच वाद झाला. पालिकेने कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, लिहिलं की झाकण घटनेच्या आदल्या दिवशी चोरीला गेलं. आमच्याकडे पक्षकाराच्या भाच्याने मोबाइलवर काढलेले चार फोटो होते. तीन फोटोंत नुसतं काळं भोक. चौथा त्याने वाकून, जवळून काढलेला. झाकण ज्या लोखंडी कड्यात बसतं त्या कड्याच्या खाचेत माती भरलेली आणि मातीत बोटभर गवत उगवलेलं. उलटतपासणीत कनिष्ठ अभियंत्याला मी तो फोटो दाखवला आणि विचारलं, झाकण बसलेलं असताना या खाचेत गवत उगवतं का? तो बराच वेळ फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, नाही. त्या 'नाही'वर निम्मा दावा जिंकला.

तुमचं चेंबर आता झाकलेलं असेल, बहुधा दुसऱ्याच दिवशी झाकलं असेल. तरी तिथे जा. शेजारच्या रिक्षा स्टँडवर, कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे विचारा की झाकण कधीपासून नव्हतं. आपल्याकडे लोक अशा चेंबरमध्ये लाल फडकं बांधलेली फांदी खोचून ठेवतात. तशी होती का, कुणी खोचली, कधी? कुणाच्या मोबाइलमध्ये तो फोटो असतोच. पण ही फांदी दुधारी आहे हेही सांगून ठेवतो. ती दाखवते की चेंबर बरेच दिवस उघडं होतं, आणि पालिकेचा वकील तीच दाखवून म्हणेल, इशारा होता, तुम्हीच पाहिला नाही. तुमच्या बाबतीत वर पाणी होतं, फांदी वाहून गेली असेल तर साक्षीदाराने तसं स्वच्छ सांगायला हवं.

'चेंबर आमचं नाही' या उत्तराला घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. एकाच फुटपाथखाली पावसाळी गटार, मलनिःसारण, वीज, टेलिफोन अशा चार जणांची चेंबरं असतात. त्याच ओळीतल्या आजूबाजूच्या झाकणांवर ओतीव अक्षरं असतात, ती वाचा, फोटो काढा. मग माहिती अधिकारात अर्ज टाका: त्या रस्त्याची देखभाल कुणाकडे, कंत्राटदार कोण, कार्यादेशाची प्रत, दोषदायित्व कालावधी (कामातले दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) कधी संपतो, पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईची मोजमाप पुस्तिका आणि जून-जुलैमधल्या तक्रारींची नोंदवही. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे, म्हणून हा अर्ज नोटिशीच्याच दिवशी द्या. खात्री पटत नसेल तर पालिका आणि कंत्राटदार दोघांनाही प्रतिवादी करा. देखभालीचं काम कंत्राटाने दिलं म्हणून रस्त्यावरून चालणाऱ्याबद्दलची पालिकेची जबाबदारी कंत्राटदाराच्या खिशात जात नाही. त्यांनी आपापसात काय ते बघावं. रस्ता राज्य सरकारच्या बांधकाम खात्याचा निघाला तर मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते, म्हणून हे आधी शोधा.

विम्याचा मुद्दा. हा वॉर्ड ऑफिसातला सगळ्यात आवडता युक्तिवाद आहे आणि सगळ्यात लंगडा. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मोटार अपघातांच्या संदर्भात निकाल दिला की मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून वैद्यकीय खर्चाच्या भरपाईतून ते कापायचे नाहीत. ते पैसे विमाधारकाने वर्षानुवर्षं भरलेल्या हप्त्यांचं फळ आहे, चूक करणाऱ्याला त्याचा फायदा का मिळावा? निकाल मोटार वाहन कायद्याखालचा आहे, तुमचा दावा त्या कायद्याखाली नाही, त्यामुळे तो जसाच्या तसा लागू होईल अशी हमी मी देणार नाही. पण त्यातला विचार इथेही तेवढाच खरा आहे, आणि मी तो निःसंकोच मांडेन. पूर्ण २ लाख ७० हजार मागा.

आईंची स्वतःची चूक काढली जाईल, त्याचीही तयारी ठेवा. पाणी दिसत होतं तर गेलात कशाला, हातात दोन पिशव्या होत्या, चप्पल गुळगुळीत होती. याला योगदायी निष्काळजीपणा म्हणतात. तो सिद्ध झाला तरी दावा बुडत नाही, भरपाईतून तेवढा टक्का वजा होतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये महामार्गावर अचानक ब्रेक मारणाऱ्या कारच्या प्रकरणात कारचालक ५० टक्के, बसचालक ३० टक्के आणि पाय गमावलेला मोटारसायकलवाला २० टक्के अशी वाटणी केली. पण नुसता नियमभंग किंवा बेसावधपणा पुरेसा नाही, त्याचा अपघाताशी संबंध लागतो. २०२० मध्ये त्याच कोर्टाने म्हटलंय की मोटारसायकलवर तिघं बसले एवढ्यावरून त्यांचा दोष ठरत नाही, तिसऱ्या माणसामुळे अपघात घडला हे दाखवावं लागतं. तुमच्या आई रस्त्याने चालत होत्या. पावसाळ्यात आपल्या शहरांत पाण्यातून न चालता घरी पोचायचा रस्ता पालिकेने दाखवावा, मग बोलू.

रकमेचा अंदाज सांगतो, पण यातला प्रत्येक आकडा पुराव्यावर हलतो. दिवाणी कोर्टंही मार्गदर्शक म्हणून मोटार अपघातांची गुणक पद्धत वापरतात, म्हणजे वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं; ५८ व्या वर्षाला हा गुणक ९ आहे. समजा डब्यांतून महिन्याला निव्वळ १२ हजार मिळत होते आणि चालणं, उभं राहणं यावर आलेल्या मर्यादेमुळे कमाईची क्षमता ३० टक्के घटली. १२ हजार गुणिले १२ गुणिले ९ म्हणजे १२ लाख ९६ हजार, त्याचे ३० टक्के ३ लाख ८८ हजार ८००. त्यात दवाखाना, घरी ठेवलेली बाई, रिक्षाभाडं, वेदना, हे वेगळं. इथे दोन खबरदाऱ्या. अपंगत्वाच्या दाखल्यावरचा टक्का म्हणजे कमाई घटल्याचा टक्का नव्हे. दाखल्यावर २० असेल आणि ओट्यापाशी उभंच राहता येत नसेल तर नुकसान २० हून खूप जास्त आहे, ते डॉक्टरांच्या साक्षीतून काढावं लागतं. आणि डब्यांचा हिशेब: पावत्या नसतात हे मला माहीत आहे. मग ज्यांना डबे जात त्या चार-पाच गिऱ्हाइकांचे फोनवरचे पैसे पाठवल्याचे उतारे काढा, किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीची पानं घ्या. काहीच नाही सापडलं तरी घरकामाचं मोल शून्य धरायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावून सांगितलं आहे.

ग्राहक आयोगाचं उत्तर छोटं आहे: नको. घरपट्टी भरली म्हणून प्रत्येक रस्त्यावर आपण 'ग्राहक' ठरत नाही. वडोदऱ्याच्या सूरसागर तलावातली १९९३ ची बोट दुर्घटना ग्राहक कायद्यात बसली, कारण तिथे तिकीट काढून लोक बोटीत बसले होते. हायकोर्टात रिट, म्हणजे मूलभूत हक्कांसाठीची थेट याचिका, करणंही शक्य असतं, पण झाकण कधी गेलं यासारखे वादाचे मुद्दे असले की हायकोर्ट सहसा दिवाणी कोर्टाकडेच बोट दाखवतं. पोलिसांत तक्रार द्या, नोंद म्हणून तिचा उपयोग होतो, पण तिच्यातून पैसे येत नाहीत.

इथपर्यंतचं आटोपशीर सांगायचं तर: नोटीस आणि माहिती अधिकाराचा अर्ज या आठवड्यात, समितीकडे अर्ज त्याच्याच पाठोपाठ, दावा १८ जानेवारीच्या आत. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, दावा आईंच्याच नावाने असल्याने त्या पात्र आहेत.

एक कागद मात्र आजच काढा, दवाखान्यातला पहिल्या दिवसाचा केसपेपर. आणतानाच्या घाईत कुणी तरी 'पडल्या' एवढंच सांगतं आणि ड्युटीवरचा डॉक्टर लिहून टाकतो, 'घरी पाय घसरून पडल्याचा इतिहास'. मेडिक्लेमच्या फॉर्मवरही तेच उतरतं. पालिकेच्या वकिलाला हे एक वाक्य मिळालं की त्याला दुसरं काही लागत नाही. तुमच्या कागदावर तसं असेल तर खाडाखोड करायला लावू नका. कुणी सांगितलं होतं, त्या वेळी आई शुद्धीवर होत्या का, हे त्या माणसाकडून आत्ताच लिहून घ्या आणि वकिलाला पहिल्या भेटीतच दाखवा. लपवलेला कागद उलटतपासणीतच बाहेर येतो.

आणि आईंना विचारा, त्या दिवशीची दुसरी चप्पल कुठे आहे. एक चेंबरमध्ये गेली असं तुम्ही लिहिलंय. उरलेली धुऊ नका, पिशवीत घालून ठेवा.